मामांच्या मेंढरांमागं चाललेलं वर्ष

कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीचं कँटीन होतं, तिथं मी सुपरवायझर होतो. काम काय, तर तिन्ही पाळ्यांचा स्वयंपाक वेळेवर उतरला पाहिजे आणि चव बिघडता कामा नये. चव बघायची म्हणजे चमचाभर जिभेला लावायचं, असं आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं. मी वाटीभर बघायचो. सकाळी पोहे, दहाला बटाटेवडा, दुपारी आमटी-भात, बुधवारी गुलाबजाम, शुक्रवारी जिलबी. घरी भांडगावला परतलो की आई पुन्हा ताट वाढायची, कारण बाहेरचं खाणं तिच्या लेखी जेवणच नव्हतं. लग्नात मी नुसता दणकट दिसत होतो. पाच वर्षांनी एसटीच्या दोन माणसांच्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसायला तयार नसायचं.

आणि या पाच वर्षांत आमच्या घरी पाळणा हलला नव्हता.

त्यासाठी जे काही झालं ते सगळं माझ्या बायकोवर झालं. आईनं तिला काढे पाजले, उपास धरायला लावले, कुणी सांगेल तो दोरा बांधला. ती निमोण्याची. तिच्या आईनं तिला शिरूरला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यात काही दोष नाही. आता मालकांची तपासणी करून घे."

हे तिनं मला मी जेवत असताना सांगितलं. मी म्हणालो, "बघू."

ते 'बघू' वर्षभर चाललं. ऑडिट आहे, आचारी पळालाय, सणाची गर्दी आहे. मी काय करत होतो ते मला कळत होतं. पुरुषाची तपासणी असते हेच मुळी मला अपमानाचं वाटत होतं, आणि त्याहून मोठी भीती ही होती की तिच्यात काही निघालं नाही, म्हणजे आता माझ्यातच निघणार. त्या वर्षात ती काढे पीत राहिली. लोक तिला बोलत राहिले. मी जेवत राहिलो.

मग गावात माझ्या चुलतभावाच्या मुलाचं बारसं झालं. बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या. माझ्या बायकोनं बाळाला घ्यायला हात पुढं केले, तर आमच्या एका चुलतीनं मधेच बाळ उचललं आणि दुसरीच्या हातात दिलं. ही घरी आली, सुपात बाजरी घेतली आणि निवडायला बसली. मी दारात उभा होतो. मान वर न करता ती म्हणाली, "मी एक वरीस थांबले. आता तुम्ही तपासायला दौंडला जाताय, का मी निमोण्याला जाऊ, येवढंच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून दौंडला गेलो.

लॅब स्टेशनच्या मागच्या गल्लीत होती. काउंटरवरच्या माणसानं एक छोटी बाटली माझ्या हातात दिली आणि पॅसेजच्या टोकाचं दार दाखवलं. त्या दाराला कडी नीट लागत नव्हती. बाहेर रक्त-लघवी तपासायला आलेल्यांची रांग होती आणि पलीकडं इंजिनं शिट्ट्या मारत होती. त्या खोलीत मी किती वेळ घाम गाळत उभा होतो ते सांगत नाही. बाहेर आलो तेव्हा त्या माणसानं माझ्याकडं न बघता बाटली घेतली, नाव लिहिलं आणि म्हणाला, "परवा या." त्यानं बघितलं नाही याबद्दल मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

रिपोर्ट घेऊन मी तिथल्याच एका डॉक्टरांकडं गेलो. वयस्क, सावकाश बोलणारे होते. त्यांनी कागद वाचला, मला वजनकाट्यावर उभं केलं. काटा एकशे चौदावर थांबला.

"बीजाची संख्या कमी आहे आणि हालचालही मंद आहे," ते म्हणाले. "अगदी नाही असं नाही. कमी आहे."

मी विचारलं, "जन्मापासनं असं असंल का?"

"सांगता येत नाही. पण तुमचं वजन बघता एक गोष्ट सांगतो. अंगावरची चरबी नुसती पडून राहत नाही. पुरुषाच्या शरीरात जे हार्मोन असतं, त्यातलं काही ती बाईच्या हार्मोनमध्ये बदलून टाकते. दुसरं म्हणजे ऊब. बीज तयार व्हायला थंडावा लागतो, म्हणून तर देवानं ती जागा शरीराबाहेर ठेवली. तुम्ही दिवसभर भट्टीपाशी उभे, वर ही घट्ट पँट, मांडीला मांडी चिकटलेली."

"मग औषध?"

"चालणं. रोज, आणि घामेघूम होईपर्यंत. तेल, साखर, मैदा बंद. सैल कपडे. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा सहा महिने तरी धीर धरा. सगळं वजनामुळंच आहे आणि वजन उतरलं की मूल होईलच, असं मी लिहून देणार नाही. पण तेवढं एक तुमच्या हातात आहे." मी उठताना त्यांनी थांबवलं. "आणि हायवेवरच्या जडीबुटीच्या तंबूत जाऊ नका."

संध्याकाळी मी कागद बायकोसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान एवढं तरी म्हणेल की वर्षभर मला का जाळलंत. तिनं कागदाची नीट घडी केली आणि म्हणाली, "म्हंजी विलाज हाय."

एवढं सगळं ऐकूनही मी तंबूतच गेलो. चालायची लाज वाटत होती. भांडगावात सकाळी रस्त्यानं कुणी चालायला निघालं की लोक विचारायचे, गाडी चुकली का? चौफुल्याच्या पुढं तंबू होता, बाहेर बरण्या मांडलेल्या, मुळ्या टांगलेल्या. त्या माणसानं माझी नाडी धरली आणि चाळीस पुड्या दिल्या. पंधरा दिवसांत माझं तोंड सुजलं, छातीत धडधड व्हायला लागली आणि वजन आणखी तीन किलोनं वाढलं. हिनंच मला दौंडला त्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पुडी हुंगली, चिमटीत धरून बघितली आणि एवढंच विचारलं, "सांगितलं होतं ना?" ही माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

त्याच सुमारास आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं रांजणगावच्या एमआयडीसीत नवं कँटीन घेतलं आणि मला तिकडं जायला सांगितलं. भांडगावाहून रोज रांजणगाव करणं अवघड होतं. या काळजीत असतानाच एका रविवारी सकाळच्या गाडीनं माझे सासरे दारात उभे राहिले. खांद्यावर बाजरीचं पोतं, हातात काठी, डोक्याला लाल पागोटं.

त्यांना मी मामा म्हणायचो. आमची दोन्ही घरं मूळची मेंढपाळांची. माझ्या आजोबांनी मेंढरं विकून भांडगावात शेती धरली. मामांनीही निमोण्यात शेती धरली, विहीर काढली, पण वीसभर मेंढरं ठेवलीच. तरुणपणी ते वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं-घोडी-बिऱ्हाड घेऊन, दर वर्षी कोकणाच्या उतारापर्यंत चालत जायचे. काठीसारखी अंगलट. बोलणं मोजकं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत ते माझ्याशी मिळून शंभर वाक्यंही बोलले नसतील.

पाणी पिऊन ते माझ्या आईला म्हणाले, "रांजणगाव आमच्याकडनं जवळ. पाव्हण्यांनी रोज हेलपाटं कशाला घालायचं? चार-सा महिनं दोघं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

आई म्हणाली, "जावई सासऱ्याच्या घरी राह्यला तर लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हनतील म्हातारा थकलाय, जावयानं हात दिला. म्हनू द्या."

मी बायकोकडं बघितलं. तिनं नजर चुकवली, तेव्हा मला कळलं की हिनं तिच्या आईला सांगितलंय आणि तिनं मामांना. त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. पण मामांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते पोत्याची गाठ सोडत होते.

निमोण्यात मी दुपारपाळी मागून घेतली. तिथल्या दुसऱ्याच दिवशी, नुकतं उजाडलेलं, मामा ओसरीवर आले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, पाय लय धरल्यात. मेंढरं म्होरं पळत्यात, माझ्यानं वळत न्हाईत. जरा मागनं चालाल का?"

सासऱ्यानं मागितलेली मदत नाही कशी म्हणायची? मी पँट चढवायला लागलो, तर म्हणाले, "ती नगं. मेंढरं पँटीला बुजत्यात." आणि त्यांनी एक धुतलेला, नाडीचा, ढगळ लेंगा पुढं केला. मी तो घातला. रोज वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्या पँटवाल्यांना त्यांची मेंढरं कधी बुजली नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले.

पहिल्या दिवशी गाव संपून माळ लागला आणि माझी छाती भात्यासारखी व्हायला लागली. मी काही बोलायच्या आत मामांनी काठी आडवी धरून मेंढरं थांबवली. "हितं चारा चांगला हाय," म्हणाले आणि दगडावर बसले. मीही बसलो. आजूबाजूला नुसते खडे होते आणि दोन वाळकी झुडपं. मेंढरंसुद्धा मालकाकडं बघत उभी राहिली होती.

असं रोज चाललं. जिथं माझा दम संपेल तिथं चारा चांगला असायचा. पंधरा दिवसांनी तो चांगला चारा ओढ्यापर्यंत सरकला. महिन्यानं ओढ्यापलीकडच्या टेकाडापर्यंत. पुढं पुढं आम्ही कालव्याच्या कडेनं इतके लांब जायचो की शिरूर रस्त्यावरच्या गाड्या दिसायच्या. मामांनी एकदाही म्हटलं नाही की आज जास्त चाललात, की आणखी चाला. वजन हा शब्द मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकला नाही.

घरात सासूबाईंची वेगळीच पंचाईत. जावई घरात आहे आणि त्याच्या ताटात तूप नाही, हे त्यांना सोसायचं नाही. दौंडच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते बायकोनं त्यांना पाठ करून घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन भाकरी, हुलग्याचं माडगं आणि कच्चा कांदा वाढला आणि पदरानं डोळे पुसत चुलीकडं वळल्या. मामांनी आपलं ताट माझ्या ताटाशेजारी सरकवलं आणि म्हणाले, "मलाबी ह्येच वाढ. ह्या वयात तूप सोसत न्हाई." त्यांचा आवडता गुळाचा चहाही त्या दिवसापासून बंद झाला. रोज गूळ घालून चहा पिणारा तो माणूस वर्षभर माझ्यासोबत ताक पीत राहिला. मी कँटीनमधून काही खाऊन आलोय का, असं कुणी विचारायचं नाही. त्यामुळंच मला तिथं खाता येईना. गुलाबजामची परात समोर असायची आणि मला ताकाचा पेला आठवायचा.

आमच्या माळावर आस्कंद आपोआप उगवतं. त्यालाच अश्वगंधा म्हणतात, हे मला शिरूरच्या एका वैद्यांनी सांगितलं. मामांनी मुळ्या खणून आणल्या होत्या, सासूबाईंनी त्या वाळवून कुटल्या होत्या, पण तंबूचा अनुभव ताजा होता म्हणून मामा म्हणाले, "आधी जाणत्याला दाखवू." वैद्यांनी मुळी बघून ओळखली आणि दुधातून किती घ्यायची ते सांगितलं. सराट्याची, म्हणजे गोखरूची पूडही थोडी घ्यायला सांगितली. दौंडच्या डॉक्टरांनाही मी विचारलं. ते म्हणाले, "यानं काही माणसांना फायदा झालेला दिसतो. मापात घ्या, त्रास झाला तर बंद करा. पण त्याच्या भरवशावर चालणं सोडू नका." तेव्हा मी रोज झोपताना ते कडवट दूध घ्यायचो. त्याचा किती उपयोग झाला ते मला आजही सांगता येणार नाही. झोप मात्र चांगली लागायची.

तीन-साडेतीन महिने झाले असतील. एका सकाळी कालव्याच्या कडेला कुठून तरी दोन मोकाट कुत्री आली आणि एका कोकराच्या मागं लागली. मी ओरडेपर्यंत मामा पळाले होते. नांगरलेल्या ढेकळांतून, धोतर वर धरून, तरण्या माणसासारखे. मधे पाण्याची चारी आली, ती त्यांनी एका उडीत पार केली, काठी भिरकावून कुत्री पिटाळली आणि कोकरू बगलेत घेऊन परत फिरले. माझ्याकडं लक्ष गेलं तसे ते एकदम लंगडायला लागले. इतके दिवस उजवा पाय धरलेला असायचा. त्या दिवशी ते डाव्या पायानं लंगडत होते.

मी तोंड दुसरीकडं वळवलं. हसू येत होतं. म्हणजे हा माणूस तीन महिने पहाटे उठून माझ्यासाठी दुखणं घेऊन चालत होता. माझ्या डॉक्टरांची एक-एक सूचना त्यानं स्वतःची गरज करून माझ्यापुढं ठेवली होती, का, तर जावयाला खाली बघायला लागू नये. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या आधी उठून मीच मेंढरं सोडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांचे एक चुलतभाऊ, आबा, घरी आले. मोठे माणूस, सोसायटीच्या राजकारणातले, चारचौघांना घेऊनच फिरणारे. ओसरीवर सगळे बसले होते. त्यांनी माझ्याकडं आपुलकीनं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी भला मानूस. आमची पोरगी म्हनून बोलू नये, पर सा-सात वर्सं झाली. तुमी दुसरं बघितलं तरी आमी नाराज व्हनार न्हाई."

माझी बायको तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ते ऐकलं. ती तिथंच थांबली. मामांची नजर जमिनीवर होती. माझ्याखेरीज त्या घरातल्या तिघांना खरं काय ते माहीत होतं आणि तिघंही माझ्यासाठी गप्प होते.

मी म्हणालो, "आबा, दोष तिच्यात न्हाई. माझ्यात हाय. डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं. दाखवू का?"

आबा दोन-तीनदा घसा खाकरले आणि पागोटं उगाच सारखं करायला लागले. मामा उठले, लेकीच्या हातून ट्रे घेतला आणि पहिला कप स्वतःच्या हातानं माझ्यापुढं धरला. आबांच्या आधी. आमच्याकडं सासरा जावयाला उठून चहा देत नाही, आणि थोरल्याला डावलून तर नाहीच. मी कप घेतला. बायको आत गेली. नंतर ती मला म्हणाली, "आज मला बाजारात मान वर करून जाता येईल." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला मागचं सगळं वर्ष आठवलं.

सहा महिन्यांनी दौंडला गेलो तेव्हा काटा सत्त्याण्णववर होता. नवा रिपोर्ट पहिल्यापेक्षा बराच चांगला आला. डॉक्टर खूश झाले. "अजून थोडं राहिलंय, पण दिशा बरोबर आहे," म्हणाले. आम्ही दोघं त्या दिवशी दौंडच्या बाजारातून पायी फिरलो आणि तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या.

पण पुढं काही होईना. एक महिना, दोन, तीन, चार. दर महिन्याला ती काही न बोलता वेगळी बसायची आणि मला कळायचं. एका सकाळी मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा दाराशी येऊन थांबायचे, हाक मारायचे नाहीत, थोड्या वेळानं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा लांब जाताना ऐकू यायच्या. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. चौथ्या दिवशी तर कँटीनमध्ये मी चार वडे खाल्ले, एकामागून एक, चव न कळता.

पाचव्या दिवशी माझी बायको अंधुक उजेडात पायात चपला घालत होती. मी विचारलं, "कुठं?"

"मेंढरांमागं. तुम्ही झोपा."

"तू कशाला?"

"मला कट्टाळा आलाय घरात बसून वाट बघायचा. चालताना निदान पाय तरी दुखत्यात."

ती गेली. मी थोडा वेळ पडून राहिलो, मग लेंगा चढवला आणि मागून धावत गेलो. होय, धावत. वर्षापूर्वी गावाची वेस ओलांडताच माझा दम संपायचा. मामांनी मागं वळून बघितलं आणि मेंढरं जरा सावकाश केली. त्या दिवसापासून आम्ही तिघं चालायला लागलो. ती आणि तिचे वडील पुढं, जुन्या वाड्यावरच्या गोष्टी बोलत, आणि मी मागं. लग्नानंतर बापाशी एवढं बोलायला मिळालं नव्हतं, असं ती म्हणायची. मूल होवो न होवो, हे दिवस चांगले आहेत, असं मला त्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं.

आणखी तीन महिन्यांनी तिला दिवस गेले. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी खात्री केली तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांत कधी रडली नव्हती ते सगळं. मी शेजारी बसलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

मुलगी झाली, शिरूरलाच. मामा दवाखान्याच्या व्हरांड्यात काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी त्यांना आत नेलं, मुलगी दाखवली. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं होतं, ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"तुमचा इश्वास बसला लगेच? आमच्याकडं तर कुणाचा बसला नसता. चालून कुठं पोर होतं व्हय, म्हणाले असते."

मामा इकडं-तिकडं बघून हळू म्हणाले, "रागवू नका पाव्हणं. मेंढ्याला लय खुराक झाला, चरबी चढली, की तो मेंढीकडं बघत न्हाई. बघितलं तरी गाभ ऱ्हात न्हाई. मग आमी त्येचं दानं तोडतो आन् महिना-दोन महिनं कळपामागनं चालवतो. उनाचं सावलीत बांधतो. मंग ठीक व्हतो. म्या जलमभर ह्येच केलं. डाक्टर बोलला ते मला नवं न्हवतं."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"जावयाला मेंढा कसं म्हनायचं?"

मी इतक्या जोरात हसलो की नर्स बाहेर आली. मामाही हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. समोरचे दोन दात पडलेले होते.

ही गोष्ट गावात पसरली. ओसरीवर मी बोललो होतोच, वर अंगानं निम्मा झालेला मी सगळ्यांसमोर फिरत होतो. लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावला, आणि निमोण्याच्या म्हाताऱ्याकडं कसलंसं औषध आहे अशी बोलवा झाली. बाया यायच्या, सासूबाईंना एका बाजूला घेऊन कुजबुजायच्या. मग पुरुषही यायला लागले. एक सरपंचांचा मेहुणा थेट गाडी घेऊन आला होता. मामांनी मनात आणलं असतं तर पुड्या बांधून विकता आल्या असत्या. त्यांनी कुणाला मुळीचा तुकडा दिला नाही. ज्याला त्याला एकच सांगायचे, "आधी शिरूरला न्हाईतर दौंडला तपासून या. कागद मला दाखवू नका, मला वाचता येत न्हाई. मंग पायात वहाणा घालून सकाळी या." जे बारीक अंगाचे होते त्यांना म्हणायचे, "तुमचं वायलं असंल. डाक्टर सांगंल ते करा." आणि माझ्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर त्यांना ऐकू यायचं नाही.

बहुतेक परत आले नाहीत. चालायचं म्हटल्यावर औषधाची हौस फिटायची. तिघं मात्र आले. एक ट्रॅक्टर चालवणारा, एक मार्केट यार्डातला हमाली सोडून बसलेला, एक शाळेतला शिक्षक. तिघंही आधीच्या माझ्यासारखेच भरलेले. मी मुलगी झाल्यावर कुरकुंभचं कँटीन परत मागून घेऊन भांडगावला परतलो होतो, पण सुट्टीला गेलो की त्यांच्यात मिसळायचो. पुढं मामा आणि मेंढरं, मागं ती तीन जाड माणसं आणि मी. शाळेला निघालेल्या मुली आम्हाला बघून तोंडावर हात ठेवायच्या. तिघांपैकी दोघांना पुढं मुलं झाली. ट्रॅक्टरवाल्याला जुळी.

शिक्षकाला नाही झालं. त्यानं वजन उतरवलं, पुण्यापर्यंत तपासण्या केल्या, सगळं केलं. शेवटी त्यानं आणि त्याच्या बायकोनं तो विषय संपवला. मला वाटलं आता हा यायचा बंद होईल. पण तो येत राहिला. मेंढरांचे रोग, कुठल्या रानात काय उगवतं, हे मामांना विचारून वहीत लिहून घ्यायचा. पुढं पुढं तो मामांना पेपर वाचून दाखवायला लागला. एकदा मी मामांना म्हणालो, "मास्तरांना पोर झालं असतं तर बरं झालं असतं."

मामा म्हणाले, "झालं असतं तर चांगलंच. न्हाई झालं." मग लांब टेकाडाकडं बघत म्हणाले, "पर मानूस लय चांगला चालतो."